वस्तादांच्या गाडीतला कॅमेरा

एका माळावर एक रस्ता होता आणि तो कुठंच जात नव्हता. जिथून निघाला तिथंच गोल फिरून परत यायचा. तरी दर रविवारी आसपासच्या गावांतली हौशी माणसं तिथं गाड्या घेऊन जमत, डोक्यावर हेल्मेट चढवत आणि कुठंही न पोचण्यासाठी जिवाच्या आकांतानं धावत. कोल्हापूरकडच्या माणसाला वेगाचं वेड असतं. त्याचं कारण त्याला विचारू नये, त्यालाही ते सांगता येत नाही.

या ट्रॅकचे मालक आणि गुरू एकच होते, हिंदुराव खोत. तरुणपणी ते तालमीत कुस्ती खेळायचे आणि पोरांना शिकवायचे. पुढं खांदा निखळला, मातीतून उठले आणि गाडीत बसले. लोकांनी मात्र त्यांना वस्ताद म्हणायचं सोडलं नाही. गाडी पळवायला शिकवणाऱ्या माणसाला वस्ताद म्हणतात असा दुसरा माळ मला तरी ठाऊक नाही.

वस्तादांची शिकवण अगदी लहान होती. पहिल्या दिवशी घाबरत आलेल्या नवख्याला तीच, आणि चषकांनी कपाट भरलेल्या शिष्यालाही तीच. "आदी दाब, मग वळ, मग पळ." म्हणजे गाडी सरळ आहे तोवरच ब्रेक दाबून वेग उतरवायचा, मग स्टेअरिंग वळवायचं, आणि वळण संपत आलं की लांब नजर टाकून सुसाट सुटायचं. यापलीकडं वस्ताद फारसं बोलत नसत. नवे शिष्य मान डोलवत. जुने शिष्य मनातल्या मनात जांभई देत, कारण त्यांना आता मोठं झाल्यासारखं वाटत असे.

या जुन्या शिष्यांत संयोगिता नावाची एक मुलगी होती. वडलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं पान्हे आणि नटबोल्ट यांच्या संगतीत वाढलेली. हात कसबी, डोळा तीक्ष्ण, आणि स्वभाव असा की हातात घेतलेलं काम तडीला नेल्याशिवाय जेवायची नाही. माळावर ती सगळ्यांत वेगवान होती. फक्त वस्ताद सोडून. एवढं वय झालं तरी वस्ताद आपल्या जुन्या निळ्या गाडीत बसले की तिच्यापेक्षा दोन सेकंद लवकर परत येत. संयोगिता महिना महिना घासायची, पण ते दोन सेकंद काही तुटायचे नाहीत.

आणि त्या वर्षी त्या दोन सेकंदांना भलतंच मोल आलं होतं. वस्तादांनी जाहीर केलं होतं, "औंदा दसऱ्याला ही गाडी मी दुसऱ्याच्या हातात देनार. माझं डोळं दमलं. ज्याच्या हातात ती माझ्यासारखी पळंल त्याला देनार, मग त्यो कुनी बी असू द्या." निळी गाडी मिळणं म्हणजे वस्तादांची जागा मिळणं, हे सगळ्या माळाला कळत होतं. संयोगिताला ती गाडी हवी होती. थोडीथोडकी नव्हे, झोपेतही तीच दिसावी इतकी हवी होती.

त्याच सुमाराला माळावर कॅमेऱ्यांची साथ आली. मुठीत मावतील एवढे ते कॅमेरे. गाडीत लावायचा, फेऱ्या मारायच्या, मग सावलीत बसून आपलं चालवणं आपणच बघायचं. कल्पना चांगली होती, पण माणसं ती आपापल्या अकलेनं राबवत. एकानं रबरी वाटीनं कॅमेरा पुढच्या काचेला चिकटवला. दुसऱ्याच वळणावर तो सुटून त्याच्या मांडीवर आला आणि गाडी गवतात गेली. दुसऱ्यानं कॅमेऱ्याचं तोंड स्वतःकडं फिरवलं. फेरी संपल्यावर त्याला रस्ता दिसला नाही, वळण दिसलं नाही. दिसला तो फक्त दात खाणारा स्वतःचा चेहरा, आणि तो त्यानं मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवला.

शेवटी हे काम संयोगितानं अंगावर घेतलं. शर्यतीच्या गाडीत माणसाभोवती पोलादी नळ्यांचा एक पिंजरा असतो, गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून. ती कॅमेरा त्या पिंजऱ्याच्या नळीला पकडीनं आवळून बसवायची. वरून एका बारीक वायरीनं बांधायची, म्हणजे पकड सुटलीच तरी कॅमेरा लोंबकळेल, पडणार नाही. आणि मग दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून बघायची. केसभर हलला तरी उतरवून पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या गाडीत तिनं कॅमेरा लावला त्याला तो आपल्या दातांपेक्षा घट्ट वाटायचा.

वस्ताद हे सगळं बघायचे आणि खूश व्हायचे. गाडीत सुटी वस्तू म्हणजे सुटा साप, असं त्यांचं मत होतं. पाण्याची बाटलीसुद्धा ते कुणाला गाडीत नेऊ देत नसत. "पोरीचा हात पक्का हाय," असं त्यांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, आणि संयोगिता त्या एका वाक्यावर आठवडाभर हवेत होती.

म्हणून एका रविवारी ती मोठ्या उत्साहानं त्यांच्याकडं गेली. "वस्ताद, तुमच्या गाडीत बी लावू? आमास्नी शिकायला हुईल."

"नगं," वस्ताद म्हणाले.

"लई बारका हाय वो. समजणार बी न्हाई तुमास्नी."

"नगं म्हटलं न्हवं!" वस्ताद एकदम तडकले. त्यांचे कान लाल झाले आणि ते तरातरा निघून गेले. वस्तादांना असं चिडलेलं कुणी सहसा पाहिलं नव्हतं. संयोगिता पकड हातात घेऊन तशीच उभी राहिली.

हे सगळं झेंडेवाल्या अण्णाप्पानं पाहिलं. ट्रॅकवर काही संकट आलं की लाल झेंडा दाखवून गाड्या थांबवायच्या, हे त्याचं काम. संकट रोज येत नसल्यामुळं त्याला बोलायला भरपूर वेळ असे. तो जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, तू अजून दुधखुळी हाईस बघ. तालमीतला मानूस हाय त्यो. सगळं डाव शिकिवतील, पर एक पोटात ठेवतील. उद्या पठ्ठ्याच अंगावर उलटला तर? त्या दोन सेकंदांचा डाव त्येंच्या पायात हाय. कॅमेरा लावू दिला तर दिसंल की त्यो!"

झालं. संयोगिताच्या डोक्यात भुंगा शिरला. आपल्याला वाटतं आपण कमी पडतो, आणि इथं तर मुद्दामच काहीतरी हातचं राखलेलं. बाकीच्या मुलांनाही सांगितलं नसेल, की फक्त आपण मुलगी म्हणून आपल्यालाच नाही? जेवताना तेच, दुकानात पाना फिरवताना तेच. त्या आठवड्यात ती ट्रॅकवर आली, पण तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ती वस्तादांच्या बुटांकडं बघत होती. आणि गंमत अशी की त्या आठवड्यात तिची फेरी आणखीच मंदावली.

दसऱ्याच्या आधीचा रविवार आला. रविवारची पहिली फेरी वस्तादांची, हा तिथला रिवाज. ते एकटे ट्रॅकवर जात, रस्ता कसा आहे ते बघत, मग बाकीच्यांना सोडत. संयोगिता त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली. निळ्या गाडीचं दार उघडलं आणि पालथी होऊन डॅशबोर्डच्या खाली शिरली. पायांच्या बरोबर वर, अंधाऱ्या कोपऱ्यात, कॅमेरा बसणार होता. तिथं पकड लावली असती तर वस्तादांना दिसली असती. वायर बांधली असती तर तीही दिसली असती. म्हणून तिनं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली होती. आत सगळीकडं तेलकट धूळ होती. ती पुसायला हवी होती. तेवढ्यात बाहेर वस्तादांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तिनं कॅमेरा तसाच दाबून चिकटवला आणि बाहेर आली.

माळावरचा प्रत्येक कॅमेरा जिनं दोन्ही हातांनी ओढून बघितला होता, तिनं हा एकच ओढून बघितला नाही. चोरून काम करायला निघालेला माणूस सगळ्यांत आधी आपली चांगली सवय घरी ठेवून येतो.

वस्तादांनी हेल्मेट घातलं, पट्टे आवळले आणि गाडी सोडली. संयोगिता बाकीच्यांपासून जरा लांब, कठड्यापाशी मोबाईल घेऊन उभी राहिली. गाडी समोरून जाईल तेवढ्यापुरतं कॅमेऱ्यातलं चित्र मोबाईलवर येत होतं. पहिल्या फेरीला गाडी गर्रकन समोरून गेली आणि पडद्यावर स्वच्छ दिसलं. तपकिरी बूट, तीन पेडल.  आता संध्याकाळपर्यंत डाव आपल्या हातात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

कठड्यापासून पुढं लांबलचक सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला खाणीचं वळण. तिथं पूर्वी दगडाची खाण होती. वळणाच्या पलीकडं वाळूचा एक पट्टा, आणि वाळूच्या पलीकडं सरळ खाली खोल खड्डा. या वळणाला ब्रेक लागला नाही तर पुढं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नसे.

दुसऱ्या फेरीला गाडी समोरून गेली. संयोगितानं पडद्यावर पाहिलं. चित्र आडवं झालं होतं. रबरी चटईच्या रेघा दिसत होत्या, आणि अगदी जवळ, खालून, बुटाचा तळवा.

तिला एका क्षणात सगळं समजलं. इंजिन तापलं, टेप सुटली, कॅमेरा खाली पडला. आता तो वस्तादांच्या पायांत सुटा फिरत होता. आणि जोरात ब्रेक दाबला की गाडीतलं सगळं सुटं सामान पुढं सरकतं. पुढं म्हणजे ब्रेकच्या पेडलखाली. एवढा बारका, पण कडक चौकोनी ठोकळा पेडलखाली गेला तर पेडल खाली जाणार नाही. सुट्या वस्तूंबद्दल तिनंच माळावरच्या प्रत्येकाला हे बोट नाचवून सांगितलं होतं.

लांबवर टायर किंचाळले. निळी गाडी खाणीच्या वळणातून बाहेर पडली. या खेपेला वाचले. आता ती पलीकडच्या अंगानं फिरून परत येणार आणि पुन्हा त्याच वळणाकडं जाणार.

संयोगितानं अण्णाप्पाच्या लाल झेंड्याकडं पाहिलं. मनानं तिला लगेच एक पळवाट दाखवली. मन याबाबतीत फार हुशार असतं. कदाचित ही शेवटचीच फेरी असेल. कदाचित कॅमेरा सीटखाली गेलाही असेल. वस्ताद थांबले की आपण आधी पळत जाऊ, गाडी पुसायच्या निमित्तानं तो काढून घेऊ, कुणाला कळणारही नाही. आणि आत्ता झेंडा दाखवला तर? सगळे विचारतील, का? मग सगळ्यांसमोर सांगावं लागेल. गाडी गेली, हात पक्का असल्याचं नाव गेलं, पुन्हा या माळावर तोंड दाखवायची सोय नाही. हे सगळं खरं होतं. पण त्या चित्रातला बुटाचा तळवाही खरा होता.

ती पळाली. अण्णाप्पा स्टुलावर बसून चहा फुंकत होता. तिनं त्याच्या शेजारचा लाल झेंडा उचलला.

"अगं ए! झेंडा कशाला? कुठं काय झालंय?" अण्णाप्पा ओरडला.

"व्हायचं हाय, मामा! सरका!"

ती कठड्यावरून उडी मारून सरळ रस्त्याच्या सुरुवातीकडं पळत सुटली, जितक्या लवकर वस्तादांना दिसेल तितकं बरं म्हणून. निळी गाडी वळून समोर आली तेव्हा संयोगिता रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हातांनी झेंडा नाचवत होती आणि घसा फोडून ओरडत होती, जणू हेल्मेटच्या आत ते ऐकू जाणार होतं.

वस्तादांनी झेंडा पाहिला. त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेक दाबला. ब्रेक अर्ध्यातच अडकला. पण अजून सगळा सरळ रस्ता पुढं शिल्लक होता. इंजिन गुरगुरलं, एकेक गिअर खाली येत गेला, गाडीचा वेग तुटत गेला. खाणीच्या वळणापाशी ती हळूच वाळूत शिरली आणि रुतून उभी राहिली. माळावरची सगळी माणसं तिकडं पळाली.

वस्ताद बाहेर आले. हेल्मेट काढलं. मग वाकून त्यांनी पेडलखालून तो कॅमेरा ओढून काढला आणि वर धरला.

"ह्यो कुनाचा?"

ज्यानं त्यानं आपापला खिसा चाचपला. माळावरचे सगळे कॅमेरे दिसायला सारखेच होते. गप्प राहिली असती तर कुणालाही ओळखता आलं नसतं. निळ्या गाडीवर डोळा असणारे थोडे नव्हते, संशय दहा दिशांना गेला असता. संयोगिता गर्दीतून पुढं आली. तिच्या हातात अजून झेंडा होता.

"माझा, वस्ताद. मीच चिकटवला. तुमास्नी न सांगता."

 वस्तादांनी कॅमेरा हातात फिरवून पाहिला, टेपचा तेलकट तुकडा बोटानं चाचपला.

"वायर कुठाय?"

"न्हाई बांधली."

"वढून बघितलावतास?"

"न्हाई." आता मात्र तिला रडू फुटलं.

"का केलंस?"

"मला वाटलं, तुमी एक डाव राखून ठेवलाय. त्या दोन सेकंदांचा. पोरगी म्हनून मला सांगत न्हाईसा."

अण्णाप्पानं घसा खाकरला. "वस्ताद, त्यात वाईच माझं बी हाय. हे तिच्या डोस्क्यात मीच घातलं."

"तू गप, अण्णाप्पा. तुझ्याकडं मागनं बघतो." वस्ताद तिच्याकडं वळले. "पोरी, गाडीला काय कळतंय, पाय पोराचा हाय का पोरीचा? चल. लाव तुझा कॅमेरा. सगळ्यांसमोर लाव. बघूया काय चोरलंस ते."

कॅमेरा टेबलावर आला. अण्णाप्पानं उन्हासाठी वर पोतं धरलं. सगळे दाटीवाटीनं वाकले. मोबाईलच्या पडद्यावर तपकिरी बूट दिसले, पेडल दिसले. बूट ब्रेकवर जायचा, घट्ट दाबायचा, सावकाश सुटायचा. दुसरं काही नाही. कुठलीही करामत नाही, एकही छुपी हालचाल नाही. एखादा नवखा शिष्य पहिल्या दिवशी करतो तेच, फक्त अजिबात न डगमगता. संयोगिता डोळे फाडून बघत राहिली. डाव कुठंच नव्हता.

पण कॅमेऱ्याला डोळा असतो तसा कानही असतो. इंजिनाच्या आवाजात आणखी काहीतरी होतं. तिनं आवाज वाढवला. माणसाचं बोलणं होतं. वस्ताद गाडीत एकटेच बोलत होते.

"हिंदुराव, वळान आलं. आदी दाब. सरळात, सरळात. हां. आता वळ. बघ लांब. आता पळ, बाबा, पळ."

पुढचं वळण आलं. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणाला पुन्हा तेच. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग चित्र आडवं झालं, चटई आली, अंधार आला. आता फक्त आवाज होता. कॅमेरा पेडलखाली दाबला गेल्याची करकर, आणि वस्तादांचा एक लांब श्वास. मग तोच आवाज, जरासुद्धा न चढलेला. "हिंदुराव, घाई न्हाई. गाडी अजून सरळ हाय. गिअर उतरीव. अजून एक. सरळ हाय तवर समदं हाय."

वस्तादांचे कान पुन्हा लाल झाले होते. ते दुसरीकडं बघत म्हणाले, "म्हनून नगं म्हनत हुतो कॅमेरा. लाज वाटती रं. एवढा मोठा वस्ताद आन् बिगरीतल्या पोरासारखा सोताशी बडबडतोय, असं म्हनशीला." त्यांनी आपल्या कपाळावर टिचकी मारली. "इतकी वर्सं झाली, पर हे बेनं दर वळनाला इसरतंय. तोंडानं म्हटलं न्हाई तर पाय ऐकत न्हाई."

मग ते संयोगिताकडं वळले. "डाव सापडला न्हवं? ह्यो एवढाच हाय. तुला पहिल्या दिवशीच दिलावता. तू ठेवलास कुठं त्यो?"

 उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, कारण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या शिष्यानं तो तिथंच ठेवला होता. सोपा आहे म्हणून बाजूला.

वस्तादांनी निकाल दिला. "तुझ्यामुळं मी आज खाणीत जानार हुतो. तुझ्यामुळंच न्हाई गेलो. दुसरं ध्यानात ठेवून पहिल्याची शिक्षा देतो. दसऱ्याला गाडी कुनालाच मिळनार न्हाई. आन् हितनं म्होरं माळावरची एक बी गाडी तुझा हात लागल्याबिगर सुटनार न्हाई. प्रत्येक गाडीत वाकायचं, प्रत्येक वस्तू वढून बघायची. माझी गाडी पहिली." अण्णाप्पाकडं बघून ते म्हणाले, "आन् तू, जिभेला बी एक वायर बांध."

दसरा आला. निळ्या गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि किल्ली वस्तादांच्या खिशातच राहिली. संयोगितानं हूं की चूं केलं नाही. ती दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची आणि गाडीगाडीत वाकून पकडी ओढून बघायची. सुरुवातीला काही टवाळ पोरं तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्यात बी एखादा चिकटवून जा की!" ती निमूटपणे ओढायची, हललं तर उतरवायची. हळूहळू टवाळी थांबली. तिनं हात लावलेली गाडी डोळे झाकून पळवावी, हे टवाळांनाही कळत होतं.

निळ्या गाडीत आता कॅमेरा होता. उघडपणे, पिंजऱ्याच्या नळीला, वायरीसकट, पाय आणि समोरचा रस्ता दोन्ही दिसतील असा. तो लावायला वस्तादांनीच सांगितलं. एकदा सगळ्यांनी ऐकलंच आहे, आता कसली लाज, असं त्यांचं म्हणणं पडलं.

स्वतःच्या गाडीत मात्र संयोगितानं कॅमेरा आपल्याच पायांवर रोखला. आणि बघते तर काय, तिचा पाय वळणाच्या मध्यावर अजून ब्रेकवरच होता. वळण सुरू झालं तरी दाबतेय, सोडतेय, पुन्हा दाबतेय. दुसऱ्याच्या पायात काय लपलंय ते शोधण्यात गुंतलेल्या मुलीनं आपला पाय कधी नीट पाहिलाच नव्हता. पुढच्या फेरीला तिनं चोरट्यासारखं इकडंतिकडं बघितलं आणि हेल्मेटच्या आत पुटपुटली, "संयोगिता, आदी दाब." पहिल्यांदा तिला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या रविवारी कमी झालं. थंडी संपेपर्यंत ती वळणावळणाला चक्क ओरडत होती, आणि ते दोन सेकंद कधी विरघळले ते तिला अण्णाप्पानं सांगेपर्यंत कळलंही नाही. अण्णाप्पानंही एवढंच सांगितलं, त्यापुढं आपलं मत जोडलं नाही.

गुढीपाडव्याच्या सकाळी वस्तादांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. भाषण वगैरे केलं नाही. ते जाऊन निळ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टे आवळले. संयोगितानं नेहमीप्रमाणं वाकून सगळं ओढून बघितलं, पकड, वायर, पट्टे. मग ती स्टेअरिंगमागं बसली.  गाडी सुटली, गर्रकन फिरली, सरळ रस्त्याला लागली आणि खाणीच्या वळणाकडं निघाली. ती मोठ्यानं म्हणत होती आणि गाडी ऐकत होती. तिला एवढंच आठवतं, कारण त्या वेळी शेजारी बघायला तिला सवड नव्हती.

ते तिनं दुपारी व्हिडिओत पाहिलं. ज्यानं ज्यानं कुणाला गाडी शिकवली आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. शेजारच्या सीटवर बसलं की, समोर वळण आलं रे आलं, आपला उजवा पाय आपोआप पुढं जातो आणि तिथं नसलेला ब्रेक दाबतो. कितीही ठरवा, पाय थांबत नाही. संयोगितानं पडद्यावर वस्तादांचे बूट पाहिले. खाण जवळ येत होती. तिचा पाय ब्रेकवर गेला. शेजारचे तपकिरी बूट एकमेकांवर आरामात टेकलेले होते आणि वळण संपेपर्यंत तसेच राहिले. तिनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला, आणि डोळे पुसून पुन्हा लावला.

तात्पर्य: गुरूनं काय लपवलं ते धुंडाळण्याआधी त्यानं उघड सांगितलेलं आपण किती पाळलं ते बघावं. आणि हातून चूक झालीच, तर ती झाकायला नव्हे, थांबवायला धावावं. गेलेला विश्वास त्याच वाटेनं परत येतो.